एकाच वेळी अनेक लिटररी एजंटांना क्वेरी पाठवताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

इंग्रजीत कादंबरी लिहून लंडन किंवा न्यूयॉर्कच्या लिटररी एजंटांकडे, म्हणजे लेखकाच्या वतीनं पुस्तक प्रकाशकांना विकणाऱ्या मध्यस्थांकडे, पाठवू पाहणारे आपल्याकडचे बरेच लेखक दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण मराठी प्रकाशनातला संकेत तिकडेही पाळतात: हस्तलिखित एका ठिकाणी द्यायचं आणि तिथला होकार-नकार कळेपर्यंत दुसऱ्या दारात जायचं नाही. एकेका एजंटाला दोन-तीन महिने लागतात, कित्येक तर उत्तरच देत नाहीत. या चालीनं वर्ष सरतं आणि यादीतली चार-पाच नावं जेमतेम होतात. दुसरे एका रात्रीत पन्नास पत्ते जमवून सगळ्यांना एकच मेल धाडतात. पंधरा दिवसांनी पत्राच्या पहिल्याच परिच्छेदातली गफलत लक्षात येते, तेव्हा पाठवायला कुणी उरलेलं नसतं.

एकाच वेळी अनेक एजंटांना "माझं पुस्तक घ्याल का" असं पत्रानं विचारणं, म्हणजेच क्वेरी पाठवणं, तिकडे पूर्णपणे मान्य आहे. तुम्ही इतरांनाही पाठवलं असणार, हे एजंट धरूनच चालतात. अडचण दुसरीच आहे: एका पुस्तकासाठी एक एजंट साधारणपणे एकदाच वाचतो. म्हणून पाठवायचं अनेकांना, पण गटागटानं. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती रचले आहेत.

मराठी हस्तलिखितासाठी यातलं काही लागत नाही. मराठीत एजंट ही व्यवस्था जवळपास नाहीच, प्रकाशकाशी थेट बोलायचं असतं. हा लेख इंग्रजी हस्तलिखितासाठी आहे, मग ते पुण्यात बसून लिहिलेलं असो की न्यू जर्सीत.

टप्पा १: हस्तलिखित पूर्ण करा

कादंबरी असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत लिहून, दुरुस्त करून, निदान दोन-तीन परखड वाचकांकडून वाचून घेतलेली हवी. "पहिली तीन प्रकरणं तयार आहेत, एजंटानं रस दाखवला की बाकीचं लिहीन" हे नवख्या कादंबरीकाराला चालत नाही. एकाच वेळी आठ जणांना पाठवलं, तर त्यातला एखादा दुसऱ्याच दिवशी पूर्ण हस्तलिखित मागू शकतो. तेव्हा "दोन महिने द्या" म्हणणं म्हणजे आलेली संधी थंड करणं.

ललितेतर पुस्तकाची गोष्ट वेगळी. तिथे प्रपोजल चालतं: पुस्तकाचा आराखडा, वाचक कोण, बाजारात याच विषयावर काय आहे, तुम्हीच का लिहायचं, आणि एक-दोन नमुना प्रकरणं. आत्मकथन मात्र बहुतेक एजंट कादंबरीसारखं पूर्ण मागतात.

शब्दसंख्या पाहून घ्या. प्रौढांसाठीची पहिली कादंबरी साधारण ८०,००० ते १,००,००० शब्दांत बसावी. फँटसी किंवा विज्ञानकथा १,२०,००० पर्यंत खपून जाते. दोन लाख शब्दांचा ग्रंथ तीन भागांत तोडून "त्रयी" म्हणून पाठवणं हा उपाय नव्हे. पहिला भाग स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा.

फाइल साधी ठेवा: टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट, दुप्पट ओळअंतर, चहूबाजूंनी एक इंच समास, पानाच्या माथ्यावर आडनाव, शीर्षक आणि पृष्ठांक. वर्डची फाइल. तिचं नाव शीर्षक आणि आडनाव यांवरून द्या, "फायनल-फायनल-३" नको.

तपासा: ट्रॅक चेंजेस बंद आहेत ना? समासातल्या टिपा काढल्यात ना? मित्रानं लिहिलेला "हे पात्र कशाला?" एजंटापर्यंत गेलेला बरा दिसत नाही.

टप्पा २: हक्कांचा हिशेब आधी मिटवा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात आणि पुढे अडकतात.

भारतातले अनेक इंग्रजी प्रकाशक एजंटाशिवायही हस्तलिखित बघतात. म्हणून लेखक एकीकडे परदेशी एजंटांना आणि दुसरीकडे दिल्लीच्या प्रकाशकांना एकदमच पाठवतो. इथेच घोटाळा होतो. एजंटाचं काम हस्तलिखित प्रकाशकांकडे नेणं. तुम्ही ज्यांच्याकडून नकार घेऊन बसलात, तिथे त्याला पुन्हा जाता येत नाही. आणि मध्येच एखाद्या प्रकाशकानं होकार देऊन जगभराचे हक्क मागितले, तर एजंटाला विकायला काही राहत नाही. तेव्हा आधी ठरवा: एजंट, की थेट प्रकाशक? दोन्ही एकदम नको. भारतीय आवृत्तीचा करार आधीच झाला असेल, तर फक्त भारतीय उपखंडाचे हक्क दिलेत की सगळे, हे करार काढून वाचा आणि पत्रात स्पष्ट लिहा.

पुस्तक किंडलवर स्वतः प्रकाशित केलं असेल किंवा एखाद्या ॲपवर प्रकरणशः टाकलं असेल, तर तेही सांगायचं. आधीच विकायला ठेवलेलं पुस्तक फार थोडे एजंट हाती घेतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नव्या, अप्रकाशित हस्तलिखितानं सुरुवात करणं.

मराठी पुस्तकाचा अनुवाद घेऊन जाणार असाल, तर मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आधी हवी. शिवाय मूळ करारात अनुवादाचे हक्क मराठी प्रकाशकाकडे गेलेत का, तेही पाहायला हवं. "ते माझ्या ओळखीचे आहेत, नाही म्हणणार नाहीत" याला कागदाची किंमत नाही. अनुवाद घेणारे एजंट मोजके असल्यामुळे बरेच अनुवादक थेट प्रकाशकांकडे जातात, हेही ध्यानात ठेवा.

टप्पा ३: पाठवायचे कागद

प्रत्येक एजंट वेगळं मागतो. अमेरिकेत बहुधा क्वेरी लेटर आणि पहिली पाच-दहा पानं. ब्रिटनमध्ये पत्र, सिनॉप्सिस (संपूर्ण कथेचा सारांश) आणि पहिली तीन प्रकरणं किंवा सुमारे १०,००० शब्द. म्हणून आधीच तयार ठेवा: पत्र, सिनॉप्सिसच्या दोन आवृत्त्या (एक पान आणि दोन पानं), पहिल्या ५, १० आणि ५० पानांच्या स्वतंत्र फाइली, आणि तीन-चार ओळींचा परिचय.

पत्र अडीचशे ते साडेतीनशे शब्दांचं, त्याहून मोठं नको. त्यात काय येतं? याच एजंटाला का लिहिलं, याची एक खरी ओळ. शीर्षक, प्रकार, शब्दसंख्या. गेल्या तीन-पाच वर्षांत आलेली दोन पुस्तकं, ज्यांच्या वाचकाला हेही आवडेल. मग दोन परिच्छेदांत कथा: मुख्य पात्र कोण, त्याला काय हवंय, आड काय येतं, आणि हरल्यास काय गमावेल. शेवटी तुमचा परिचय.

आपली पत्रं इथे काही ठरावीक जागी घसरतात. "रिस्पेक्टेड सर/मॅडम"ने सुरुवात होते. त्याऐवजी एजंटाचं पूर्ण नाव लिहा, म्हणजे मिस्टर की मिस हा प्रश्नही मिटतो. "काइंडली डू द नीडफुल" हे सरकारी अर्जात शोभतं, तिथेच राहू द्या. कथेऐवजी आशय सांगितला जातो: "ही कादंबरी परंपरा आणि आधुनिकतेच्या संघर्षाचा शोध घेते." यावरून कुणालाही काही दिसत नाही. कोकणातलं वडिलोपार्जित घर विकायला निघालेली धाकटी सून आणि सही न करणारी आत्या, असं लिहिलंत तर दिसतं. आणि परिचयात एमबीए, आयटीतली पंधरा वर्षं, शाळेतलं निबंधाचं बक्षीस हे सगळं नको. पुस्तकाशी ज्याचा संबंध आहे तेवढंच. काहीच नसेल तर एका ओळीत थांबा, त्यात कमीपणा नाही.

सिनॉप्सिसमध्ये शेवट सांगायचा असतो. "पुढे काय होतं ते जाणण्यासाठी वाचा" हे पुस्तकाच्या पाठीवर ठीक. सिनॉप्सिस लिहिताना ती सवय सोडा.

इशारा: पत्र एआयकडून लिहून घ्यायच्या मोहात पडू नका. अनेक एजन्सी एआय वापरलं का, असं फॉर्ममध्येच विचारतात. खोटं उत्तर अंगाशी येतं, आणि खरं उत्तर दिलं तर काही ठिकाणी तिथेच थांबावं लागतं.

टप्पा ४: यादी

नावं शोधायच्या जागा: एजंटांची माहिती देणाऱ्या क्वेरीट्रॅकर आणि मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट या साइट, ब्रिटनसाठी दरवर्षी निघणारं रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक, आणि तुमच्या जातकुळीच्या पुस्तकांतली आभाराची पानं. शेवटचा स्रोत सर्वांत चांगला: लेखक तिथे आपल्या एजंटाचं नाव हमखास घेतो.

तीस-चाळीस नावं काढा. प्रत्येकाच्या एजन्सीच्या साइटवर जाऊन स्वतः खात्री करा की तो तुमचा प्रकार घेतो आणि सध्या क्वेरी स्वीकारतो. एकत्रित याद्या लवकर शिळ्या होतात.

भारतातल्या एजन्सीही यादीत धरायला हरकत नाही. जयपूरची सियाही, दिल्लीची रेड इंक आणि रायटर्स साइड ही परिचित नावं. मुख्यतः भारतीय वाचकासाठी लिहिलं असेल तर आधी इथेच विचारणं शहाणपणाचं.

नावं एक्सेलच्या तक्त्यात भरा: एजंट, एजन्सी, काय मागितलंय, कसं पाठवायचं, एजन्सीचा अंतर्गत नियम, पाठवल्याची तारीख, उत्तराची मुदत, निकाल. यातला "अंतर्गत नियम" हा रकाना विसरू नका. एकाच एजन्सीतल्या दोघांना एकदम पाठवणं जवळजवळ सगळीकडे वर्ज्य आहे. काही ठिकाणी एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार. काही ठिकाणी पहिल्याच्या नकारानंतर दुसऱ्याला विचारता येतं. एजन्सीतून एकालाच निवडायचं असल्यानं कुणाला, हे नीट विचार करून ठरवा. सर्वांत नावाजलेल्यापेक्षा नव्यानं आपल्या लेखकांची यादी बांधणारा तरुण एजंट पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो.

इशारा: प्रामाणिक एजंट वाचायचे पैसे घेत नाही, नोंदणी फी घेत नाही, "आमच्याच एडिटरकडून करून घ्या" असं सांगून बिल पाठवत नाही. तो पुस्तक विकलं गेल्यावर कमिशन घेतो: देशांतर्गत विक्रीवर साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २०. तुम्ही कुणाला पाठवलेलं नसताना एखाद्या "एजंटा"चा कौतुकाचा मेल आला, तर तो खऱ्या एजंटाच्या नावानं केलेला बनाव असण्याची शक्यता फार मोठी. लेखकांना फसवणुकीचे इशारे देणाऱ्या रायटर बीवेअर या साइटवर नाव शोधा आणि मेलचा पत्ता एजन्सीच्या साइटवरच्या पत्त्याशी अक्षरशः ताडून बघा.

टप्पा ५: पहिला गट

सहा ते आठ नावं. त्यात दोन-तीन अगदी आवडती, बाकीची मनापासून चालतील अशी. सगळी लाडकी नावं पहिल्याच गटात घातली तर कच्च्या पत्रावर ती खर्ची पडतात. सगळी शेवटासाठी राखली तर मध्येच होकार आल्यावर त्यांना विचारलेलंच नसतं. लवकर उत्तर देणारे एक-दोघं जरूर घ्या. क्वेरीट्रॅकरवर लेखकांनी नोंदवलेल्या वेळांवरून अंदाज येतो. त्यांच्या उत्तरावरून पत्र चालतंय का, ते कळतं.

ज्याच्याशी करार करायची तुमची तयारी नाही, त्याला "सराव म्हणून" पाठवू नका.

वेळही बघा. मार्चमधला लंडन बुक फेअर, ऑक्टोबरमधलं फ्रँकफर्ट, ऑगस्टची सुट्टी आणि डिसेंबरचा उत्तरार्ध या काळात काम रेंगाळतं. पाठवायला बंदी नाही, पण मुदत मोजताना हे धरा.

टप्पा ६: पाठवणं

एकेक करून. एका मेलमध्ये अनेक पत्ते कधीही घालू नका, बीसीसीतसुद्धा नाही.

१. त्या एजंटाचं नियमांचं पान पुन्हा उघडा. महिन्याभरापूर्वी पाहिलेलं पुरत नाही.

२. मूळ पत्राची प्रत काढा. नाव, पहिली ओळ आणि सोबत काय जोडलंय ते वाक्य, या तीन जागा बदला. नीताला लिहिलेल्या पत्रात मॅथ्यूचं नाव राहणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि ती मध्यरात्री होते. सकाळी पाठवा.

३. नमुना पानं मेलच्या मजकुरात चिकटवायला सांगितली असतील तर तसंच करा. अनेक अमेरिकन एजंट न मागितलेली अटॅचमेंट उघडतही नाहीत. वर्डमधून चिकटवताना फॉरमॅटिंग काढून चिकटवा, नाहीतर फाँट आणि ओळी विस्कटतात.

४. आधी तो मेल स्वतःला पाठवून फोनवर वाचा.

५. क्वेरीमॅनेजरसारखा ऑनलाइन फॉर्म असेल तर उत्तरं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा. फॉर्म भरल्यावर स्थिती पाहण्याची लिंक येते, ती तक्त्यात ठेवा.

६. सहीखाली +९१सह फोन नंबर आणि शहर. तारीख तक्त्यात लगेच.

इतरांनाही पाठवलंय हे लिहायचं का? एजन्सीनं विचारलं असेल तर एक ओळ: ही क्वेरी इतर एजंटांकडेही आहे. विचारलं नसेल तर गरज नाही. कुणाकुणाला, ते मात्र कधीच सांगू नका.

टप्पा ७: उत्तरं वाचणं आणि पुढचा गट

नियमांत दिलेली मुदत, बहुधा सहा ते बारा आठवडे, संपेपर्यंत विचारणा करायची नाही. "उत्तर नाही म्हणजे नकार" असं लिहिलं असेल तर मुदतीनंतरही नाही. स्पॅम फोल्डर रोज बघा.

पहिल्या गटातल्या कुणीच पानं मागितली नाहीत, तर दुसरा गट पाठवू नका. दोष पत्रात किंवा पहिल्या पाच पानांत आहे, तो आधी दुरुस्त करा. पानं मागितली जातात पण पूर्ण वाचून नकार येतो, आणि दोन-तीन नकारांत एकच कारण दिसतं, तर पत्राला हात लावू नका. काम हस्तलिखितावर आहे. इथे माणसं नेमकं उलटं करतात: मध्याचा भाग ढिला असल्याचे तीन नकार खिशात असतात आणि ते पत्राचं पहिलं वाक्य घासत बसतात.

पत्र चालतंय असं दिसलं की एक नकार आला की एक नवं नाव, असं चालू ठेवता येतं. नकाराला उत्तर द्यायचं नाही. धन्यवादाचीही अपेक्षा नसते, वादाची तर नाहीच.

टप्पा ८: पूर्ण हस्तलिखित मागितलं तर

एक-दोन दिवसांत पाठवा. विषयाच्या ओळीत शीर्षक आणि मागणीचा उल्लेख. बाकीच्या एजंटांना या मागणीची बातमी कळवायची नसते. ती फक्त होकाराची कळवायची. पूर्ण हस्तलिखितावर तीन महिन्यांनी एक नम्र आठवण चालते.

एखादा एजंट एक्सक्लुझिव्ह मागेल, म्हणजे तो वाचेपर्यंत इतर कुणाकडे ते नको. तुमचं हस्तलिखित आधीच दुसऱ्याकडे असेल तर तसं खरं सांगा. बहुतेक जण तरीही वाचतात. द्यायचंच ठरवलं तर तारीख घालून द्या: चार आठवडे, त्यानंतर मोकळे. बिनमुदतीचं एक्सक्लुझिव्ह म्हणजे तुम्ही पुन्हा एकेकाच्या रांगेत.

"दुरुस्त करून पुन्हा दाखवा" असं उत्तर आलं तर आधी सूचना पटतात का ते पाहा. पटत असतील तर दोन-तीन महिने घ्या. आठवड्यात परत केलेलं हस्तलिखित वरवर पुसलेलं आहे, हे त्याला लगेच कळतं.

टप्पा ९: पहिला होकार

एजंट फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलायचं म्हणेल. न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. लंडन साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. भारतीय वेळ लिहूनच वेळ ठरवा.

कॉलवर "हो" म्हणू नका. आनंद झाला असं जरूर म्हणा आणि सांगा की हस्तलिखित इतरांकडेही आहे, त्यांना कळवायला दोन आठवडे लागतील. ही मुदत रूढ आहे. आजच्या आज सही मागणाऱ्यापासून सावध राहा. विचारायचे प्रश्न: कोणत्या संपादकांकडे नेणार? किती बदल हवेत? हे पुस्तक विकलं गेलं नाही तर पुढच्याचं काय? भारतीय उपखंडाचे हक्क वेगळे विकणार की एकत्र? करार किती दिवसांच्या सूचनेनं संपवता येतो? त्याच्या सध्याच्या एखाद्या लेखकाशी बोलता येईल का?

त्याच दिवशी बाकीच्यांना मेल करा. ज्यांच्याकडे पूर्ण किंवा अर्धं हस्तलिखित आहे ते सगळे, आणि ज्यांच्याकडे नुसती क्वेरी पडून आहे तेही. विषयाच्या ओळीत "ऑफर ऑफ रिप्रेझेंटेशन" आणि शीर्षक. मजकूर चार ओळींचा: होकार आला आहे, अमुक तारखेपर्यंत निर्णय द्यायचा आहे, तुम्हाला रस असल्यास त्याआधी कळवा, खाली मूळ क्वेरी. होकार देणाऱ्याचं नाव सांगायचं बंधन नाही. ज्यांच्याकडे आता जायचंच नाही, त्यांच्याकडची क्वेरी मागे घ्या.

इशारा: नसलेला होकार आहे म्हणून सांगू नका, हे जग लहान आहे. आणि होकार आल्यावर त्याच्या जोरावर नव्या एजंटांना क्वेरी पाठवणंही शिष्टाचाराला सोडून आहे.

दोन-तीन होकार आले तर कॉलच्या टिपणांवरून ठरवा. सही करण्याआधी करारातली तीन कलमं नीट वाचा: कमिशन कशाकशावर, करार फक्त या पुस्तकापुरता की पुढच्या सगळ्या लेखनाला, आणि तो मोडण्याची पद्धत. सही झाली की उरलेल्या सगळ्यांना त्याच दिवशी दोन ओळींत आभार आणि निर्णय.

अमेरिकन एजन्सी भारतात राहणाऱ्या लेखकाकडून डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म मागेल. त्यात पॅन क्रमांक आणि भारत-अमेरिका कर कराराचा उल्लेख भरा. तो नसेल तर रॉयल्टीवर १५ऐवजी ३० टक्के कर तिकडेच कापला जातो.